मास्तर

मिक्सर आणायला बाहेर पडून मोटरच्या वॅटचा तक्ता घेऊन घरी परतणारी माणसं तुमच्याकडेही असतीलच. त्यांतला एखादा न्यू जर्सीत स्थायिक झाला, पोरं मार्गी लागली, गॅरेजात १९७२ ची शेव्हरोले नोव्हा आली आणि पाव मैलाच्या ड्रॅग रेसचा नाद लागला, की आमचे मास्तर तयार होतात. शाळेशी त्यांचा संबंध नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर निवडतायत, म्हणून मास्तर. निवडतायत म्हणजे अजूनही निवडतायत.

एडिसनला गणपतीची आरती संपून खिरापत हातात पडायच्या आत सुरुवात. "बोअर केवढा घेऊ? सात अष्टमांश इंच, की एक इंच?"

"मोठा घ्या, जोर जास्त येईल," असं कुणीतरी बिचारा भिडेखातर म्हणतो आणि सापडतो.

"उलट! पायाचा जोर शंभर पौंड, पेडल रेशो सहास एक, म्हणजे दांड्यावर सहाशे. इंचाच्या बोअरला साडेसातशेच्या थोडं वर पीएसआय. सात अष्टमांशाला जवळजवळ हजार!"

"मग लहान घ्या."

"पण पेडल खोल जातं ना!"

तोवर खिरापत संपलेली असते. नव्या जावयाने एकदा पॉवर ब्रेक सुचवले. नोव्हाच्या कॅमशाफ्टवर इंजिनाला बूस्टरपुरता व्हॅक्यूम का मिळत नाही, हे त्याला इतकं समजावलं की तो पुन्हा गॅरेजकडे फिरकला नाही.

रेशो तर त्यांच्या अंगातच भिनलाय. वहिनींच्या अडकित्त्याचा रेशो उत्तम, मंडळाच्या स्टेपलरचा भिकार. लग्नात मुलगी डॉक्टर, मुलगा अजून शिकतोय असं कळल्यावर म्हणाले, "रेशो बरा आहे." एका घरी भेटायला गेलो होतो, परवाच दिवसकार्य झालेलं. सगळे माना खाली घालून बसलेले. हे दाराची मूठ दोनदा खालीवर करून माझ्या कानात म्हणाले, "रेशो चुकलाय रे."

या चर्चेसाठी काळ थांबत नाही. १९६५ पासूनची एंग्लिशटाउनची ड्रॅग पट्टी जानेवारी २०१८ मध्ये बंद झाली. मास्तर म्हणाले, हरकत नाही, अॅटको आहे. २०२३ मध्ये अॅटकोही मिटली. अजून ग्रेट मेडोजची आयलंड ड्रॅगवे आहे, पण तिच्या मालकांनी मास्तरांच्या प्रवेश फीवर डोळा ठेवू नये.

मीही हल्ली त्यांना टाळायचो. मग माझी पोरगी जुनी गाडी घेऊन कॉलेजला निघाली आणि हे सकाळी न बोलावता हजर. गाडी जागेवरच उभी. इंजिन चालू करून त्यांनी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला आणि डोळे मिटून बसले. पाय हलला नाही, बोलणंही नाही. मिनिटभरात पेडल आपसूक खाली खाली सरकत गेलं. गाडीखाली ब्रेक ऑइलचा थेंब नव्हता. "आतली रबरं गेलीत. आज गाडी हलवायची नाही," म्हणाले.

दुपारपर्यंत नवा मास्टर सिलिंडर आणला होता. बोअरचा ब्रसुद्धा काढला नाही. "कंपनीने जो ठरवलाय तो." बर्फ पडत होता. गॅरेजात व्हाइसमध्ये सिलिंडर आवळला, दोन नळ्या वळवून त्याच्याच टाकीत सोडल्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबत राहिले. मग गाडीवर चढवून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. पेडल मारायला पोरगी बसली होती. पैसे विचारले तर फक्त पार्टचे घेतले, तेही पावती दाखवून.

"मास्तर, हा तर तासाभरात घेतलात," मी म्हटलं. "मग नोव्हाचं काय?"

चिंधीने एकेक बोट पुसत ते म्हणाले, "नोव्हाचं वेगळं आहे रे. तिथे पर्याय आहेत."