संस्थेची विकी: स्थापना, वापर व देखभाल (मंद्रूप व परिसरासाठी)

विकी म्हणजे एकाने लिहावे आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्त करावे, अशी सोय असलेली संकेतस्थळाची पाने. शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ ‘झटपट’. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या ‘विकी विकी’ बसवरून वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ साली आपल्या संकेतस्थळाला हे नाव दिले. मंद्रूपमध्ये कार्यकारिणीच्या बैठकीत हा शब्द पहिल्यांदा निघाला की “विकी? कुणाचा पोरगा म्हणायचा?” अशी विचारणा होते. ती हसण्यावारी नेऊ नये. पोरगं कुणाचं, सांभाळणार कोण आणि खर्च कुणाच्या अंगावर, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून मगच पुढे जावे.

ज्ञान उघड्यावर मांडून ठेवण्याची या भागाची परंपरा जुनी आहे. मंद्रूप दक्षिण सोलापूर तालुक्यात, सोलापूर–विजयपूर महामार्गावर. याच तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख कोरलेला आहे. जो वाचील तो विजयी होईल, अशी हमी त्यात शेवटी दिली आहे. वापरकर्त्याला इतकी रोखठोक हमी पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने दिलेली नाही. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांच्यासारखा वाचक भेटेपर्यंत या लेखाला शतकानुशतके वाट पाहावी लागली. तेव्हा संस्थेच्या विकीला पहिल्या तिमाहीत कोणी फिरकले नाही म्हणून खचून जाऊ नये. मराठीतला आद्य लेख हाच, श्रवणबेळगोळचा की अक्षीचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. अशा वादासाठी विकीवर ‘चर्चापान’ असते. गावात त्यासाठी हॉटेल असते.

स्थापनेचा आरंभ ठरावाने करावा. सार्वजनिक न्यासाला विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो, त्यामुळे बदल म्हटला की सभासदांच्या डोळ्यांपुढे स्टॅम्प, वकील आणि तारखा उभ्या राहतात. विकीवरचा बदल मात्र क्षणात होतो; शिवाय कोणी, कधी, कोणता शब्द खोडला हे ‘इतिहास’ या कळीखाली कायम राहते. हा दुसरा गुण बैठकीत सांगू नये. सांगितल्यास निम्मे सभासद खातेच उघडत नाहीत.

सॉफ्टवेअर फुकट आहे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी कोणालाही मोफत मिळते. पैसे लागतात ते संकेतस्थळाच्या जागेला आणि दरवर्षी नूतनीकरण कराव्या लागणाऱ्या नावाला. ज्ञानाला पैसे लागतात हे ज्ञानकोशकार केतकरांना ठाऊक होते. ज्ञानकोशासाठी त्यांनी रीतसर कंपनी काढून भाग विकले आणि २३ खंड काढून दाखवले. पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ते संकेतस्थळावर सर्वांना खुले केले. संस्थेला भाग विकता येत नाहीत, पण प्रस्ताव लिहिता येतो. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या प्रस्तावात ‘विकी’ लिहू नये, ‘नॉलेज मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म’ लिहावे. वस्तू तीच, पण रकाना मोठा मिळतो.

पासवर्ड एकाच माणसाकडे द्यावा. हा माणूस शक्यतो तरुण, मानधनावरचा आणि पुण्यात नोकरी शोधत असलेला असावा. त्याला नोकरी लागली की संस्थेचा पहिला डिजिटल टप्पा पूर्ण झाला असे धरावे. त्यानंतर कोणीही विकीविषयी विचारले तर “पासवर्ड त्येच्याकडंच हाय की ओ” हे उत्तर सर्वांनी एकमुखाने द्यावे.

यानंतर विकीत घालायचे ज्ञान शोधावे लागते. ते बहुधा जुन्या पेजमेकरच्या फायलींत असते, आणि इथे खरी कसोटी लागते. श्रीलिपी, कृतीदेव वगैरे जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर हे पडद्यावरचे सोंग असते. आत साठलेल्या असतात इंग्रजी कळा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वीस वर्षांचा पाणलोटाचा अनुभव म्हणजे कंस, टक्केचिन्हे आणि उलटसुलट एबीसीडी. शोधपेटीत ‘विहीर’ टाकली तर काही सापडत नाही, कारण फायलीत विहीर नाहीच. युनिकोडमध्ये रूपांतर करताना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि रफार वाटेत कुठेतरी उतरतो. त्यामुळे कोणीतरी ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. हे काम प्रस्तावात ‘डेटा मायग्रेशन’ या नावाने असते, प्रत्यक्षात ऑफिसातल्या ताईंकडे असते, आणि त्यासाठी वेगळा दिवस कधीच नसतो.

एक पान कसे वाढते हे नमुन्यादाखल पाहावे. पानाचे नाव ‘रब्बी ज्वारी : बीजप्रक्रिया’. पहिल्या दिवशी क्षेत्रीय कार्यकर्ता चार ओळी लिहितो: काणी रोग येऊ नये म्हणून किलोभर बियाण्याला ३०० मेश गंधक ४ ग्रॅम चोळावे, घरचे बियाणे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, चार-पाच दिवसांनी मोजावेत, पंचाहत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. पान इथे पूर्ण झाले होते. दुसऱ्या दिवशी वर अध्यक्षांचा फोटो येतो. तिसऱ्या दिवशी सचिव भाषा सुधारतात. ‘दाणे’ जाऊन ‘सदर बियाण्याचा नमुना’ येतो, ‘चोळावे’ जाऊन ‘चोळण्याची कार्यवाही करण्यात यावी’ येते. चौथ्या दिवशी तक्ता नीट करताना कुणाचे तरी बोट घसरते आणि ४ चे ४० होतात. पाचव्या दिवशी प्रकल्पाचा लोगो. पेरणीच्या तोंडावर, सकाळी साडेसहाला, पान पाहिलेला एकमेव शेतकरी कार्यकर्त्याला फोन करतो: “चाळीस ग्रॅम टाकू का ओ, का जास्त व्हतंय?” कार्यकर्ता म्हणतो, चारच टाका काका. चूक फोनवर दुरुस्त होते. पानावर ४० तसेच राहतात, कारण पासवर्ड पुण्यात आहे.

व्हॉट्सॲप हे विकीचे पूरक साधन मानले जाते. वास्तविक नाते उलटे आहे. एका गटात १,०२४ जण मावतात, म्हणजे संस्था, लाभार्थी, त्यांचे भाचे आणि गावातले दोन पत्रकार धरूनही जागा उरते. बचत गटाचे बँककर्ज अडले तर कोणते कागद, कोणत्या खिडकीवर, कोणत्या वारी न्यावेत याची अचूक माहिती तिथे बचत गट चालवणाऱ्या अक्कांच्या दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये असते, आणि त्यावर लगेच सत्तेचाळीस शुभ सकाळ येऊन पडतात. महिन्याभराने “तो अक्कांचा व्हॉइस कुणाकडं हाय का?” असे विचारावे. अक्का पुन्हा बोलतात. दुसऱ्या वेळी त्या अधिक चांगले बोलतात, हे मान्य करावे लागेल. त्यांचे बोलणे ऐकून कोणी तरी लिहून काढावे हा उपाय सोपा आहे. म्हणूनच तो सुचवला जात नाही.

प्रशिक्षणाची भाषा अवघड ठेवावी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तिथल्या लोकांनी शब्द नेमके निवडले: लिहिण्याच्या सरावाची जागा ती ‘धूळपाटी’, सर्वांनी मिळून बोलायची जागा ती ‘चावडी’. मंद्रूपमध्ये हे दोन्ही शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. त्यामुळे दोन दिवसांचे प्रशिक्षण अर्ध्या तासात उरकण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी धूळपाटीला ‘सँडबॉक्स’ म्हणावे आणि स्लाइड दाखवावी. शंका बरेचदा कन्नडमध्ये येते, स्लाइड इंग्रजीत असते, उत्तर मराठीत द्यायचे असते. मधल्या वेळेत चहा ठेवावा.

क्यूआर कोडचा मोहही होतो. जिल्ह्यातच, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांत वाटली. तिथे कोडच्या मागे मुलांनी ऐकायचे-पाहायचे काहीतरी होते. संस्थेने मात्र कोड आधी फलकावर लावावा, उद्घाटन करावे, मागचे सावकाश बघावे.

प्रकल्पाची मुदत संपली की नावाचे नूतनीकरण राहते आणि विकी बंद पडते. त्यापूर्वी सर्व पाने छापून, पंच करून फायलीला लावावीत. छापील पानावरचे ४० ताई लाल पेनने खोडतात, वर ४ लिहितात, बाजूला सही आणि तारीख घालतात. फाईल लोखंडी कपाटात, मधल्या खणात ठेवावी. किल्ली शिपायाकडे असते, आणि त्याचा नंबर सगळ्यांना पाठ आहे.