नंतर येईल ती नापास

"काय गं, काल मध्यरात्रीपर्यंत तुझ्या खोलीत दिवा! भांडण-बिंडण नाही ना?"

"भांडण होतंच काकू, पण घरात नाही. ऑफिसात, दोन टेस्टांवरून."

"अगोबाई! थांब, हा कढीपत्ता खाली ठेवते. बँकेत कोबोल लिहिलंय मी, नीट सगळं सांग."

"जावातला वेब सर्व्हर आहे, स्प्रिंग बूटवर. पहिली टेस्ट बघते, की पलीकडचा सर्व्हर 2 सेकंद गप्प बसला तर आपण 1 सेकंदात नाद सोडतो का. दुसरी बघते, 3 सेकंद लागणारा रिपोर्ट नीट येतो का. तिला नेहमीचा 30 सेकंदांचा टाइमआउट. एकेकट्या चालवा, दोघी गुणाच्या. एकत्र चालवल्या की एक नापास."

"कुठली?"

"तिथंच तर मेख आहे! एकाच्या मॅकवर पहिली, बिल्ड सर्व्हरवर दुसरी. दोघं पोरं एकमेकांशी धड बोलत नव्हती. 'तुझीच टेस्ट वाह्यात' म्हणे."

"मग क्रम वेगळा असणार."

"बरोब्बर! मेव्हनच्या शुअरफायरला मुद्दाम सांगितलं नाही, तर फाइलसिस्टिम देईल त्या क्रमानं क्लास चालवतं. तेही सगळे एकाच जेव्हीएममध्ये."

"म्हणजे आधीची काहीतरी मागे ठेवून जाते. टाइमआउट कुठं लिहिला होता?"

"सिस्टिम प्रॉपर्टीत. बिफोरऑलमध्ये लावला, आफ्टरऑलमध्ये पुसलाही. म्हणून तर तिच्यावर कुणाचा संशय जाईना! पण स्प्रिंग एकदा उभं केलेलं कॉन्टेक्स्ट टाकून देत नाही. अशी 32 पर्यंत जपून ठेवतं. पुढच्या टेस्टचं कॉन्फिगरेशन तेच दिसलं, की तेच कॉन्टेक्स्ट तिच्या हातात. बीन तयार होतानाच त्यात 1 सेकंद भरला गेला, मागाहून प्रॉपर्टी पुसून काय उपयोग?"

"आणि दुसरी आधी आली, तर 30 सेकंद पहिलीच्या गळ्यात!"

"हो ना. कॉन्टेक्स्ट तेच की वेगळं हे ठरवताना स्प्रिंग सिस्टिम प्रॉपर्टीकडे बघतच नाही."

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मग केलंत काय?"

"साहेबांनी फर्मान काढलं, सगळीकडे डर्टीजकॉन्टेक्स्ट लावा. दर क्लासनंतर कॉन्टेक्स्ट मोडायचं, पुन्हा उभारायचं. चहा करून, पिऊन, कप विसळून झाले तरी बिल्ड आपला चालूच."

"साहेब मेले सगळीकडे सारखेच. आमचाही काही झालं की म्हणायचा, मशीन बंद करून चालू करा."

"शेवटी काल रात्री बसून मी तो टाइमआउट टेस्टप्रॉपर्टीसोर्समध्ये हलवला. तो मात्र स्प्रिंग हिशेबात धरतं. वेगळा टाइमआउट, वेगळं कॉन्टेक्स्ट. मग रनऑर्डर एकदा अल्फाबेटिकल, एकदा रिव्हर्सअल्फाबेटिकल देऊन बघितला. दोन्ही वेळा हिरवं."

"सुटलीस म्हणजे."

"कसली सुटते! सकाळी शोधलं तर टेस्टांमध्ये सेटप्रॉपर्टी आणखी पानभर निघालं. त्यातली निम्मी साहेबांनी स्वतः लिहिलेली आहेत."