विषय : कडी बसविण्याबाबत

कार्यालयीन लेखनाची प्रक्रिया परिणामकारक कशी करावी, हे शिकविणाऱ्या पुस्तकांत आणि प्रशिक्षण वर्गांत साधारणतः एकच क्रम सांगितला जातो : आधी हेतू ठरवावा, मग वाचक कोण ते ओळखावे, मुद्दे जुळवावेत, कच्चा मसुदा करावा, तो काही काळ बाजूला ठेवून पुन्हा वाचावा आणि अखेरीस काटछाट करून पाठवावा. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत यांपैकी काहीच होत नाही, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो अन्यायकारक आहे. पुस्तकातील प्रत्येक पाऊल तेथे उचलले जाते, किंबहुना पुस्तकाला सुचणारही नाही इतक्या वेळा उचलले जाते. फरक पडतो तो हेतूच्या ठिकाणी. कागद काही सांगण्यासाठी लिहिला जातो, असे पुस्तके गृहीत धरतात. कार्यालयात तो लिहिला जातो, पुढेमागे काही उपटल्यास लिहिणारा त्यात कोठेही सापडू नये म्हणून. आणि हा हेतू एकदा ध्यानात घेतला की इतकी काटेकोर व यशस्वी लेखनप्रक्रिया अन्यत्र क्वचितच आढळेल, हे मान्य करावे लागते.

या प्रक्रियेचा मूळ घटक म्हणजे टिप्पणी. नस्तीत, म्हणजे फायलीत, एकीकडे आलेला-गेलेला पत्रव्यवहार असतो आणि दुसरीकडे त्या पत्रव्यवहारावर कनिष्ठापासून वरिष्ठापर्यंत प्रत्येकाने क्रमाने नोंदविलेले म्हणणे असते. या म्हणण्यास टिप्पणी म्हणतात. उदाहरणादाखल एखाद्या जिल्हास्तरीय कार्यालयातील प्रसाधनगृहाच्या दाराची निखळलेली कडी घ्यावी. कडी बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळते आणि चार स्क्रूंनी बसते, त्यामुळे या विषयात लिहिण्याजोगे काही नाही, असे अनभिज्ञ माणसास वाटेल. आस्थापना शाखेतील लिपिक मात्र पुढीलप्रमाणे लिहितो : “सविनय सादर. विषयांकित प्रकरणी निवेदन करण्यात येते की, कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावरील प्रसाधनगृहाच्या दाराची आतील बाजूची कडी नादुरुस्त असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, सदर कडी बदलणे उचित राहील असे दिसून येते. मान्य झाल्यास पुढील कार्यवाही करता येईल. आदेशार्थ सादर.”

या उताऱ्याची वीण बारकाईने पाहण्यासारखी आहे. कडी निखळल्याचे कोणाच्या निदर्शनास आले, हे त्यात नाही, आणि ज्या परिस्थितीत ते आले असेल ती पाहता नसलेलेच बरे. कडी बदलावी असे कोणी म्हटलेले नाही. तसे नुसते ‘दिसून येते’, जसे स्वच्छ हवेत दूरचा किल्ला दिसून येतो. निवेदन ‘करण्यात येते’, कार्यवाही ‘करता येईल’, तीही ‘मान्य झाल्यास’. ज्या वाक्यात कर्ता मागे सरतो आणि कर्म पुढे येते त्या रचनेला व्याकरणात कर्मणी प्रयोग म्हणतात; शासकीय मराठीने त्यापुढे जाऊन कर्ता मागे न सरता सेवानिवृत्तच होईल अशी रचना सिद्ध केली आहे. पाच वाक्ये लिहून झाली, तरी लिपिकाने अद्याप एकही गोष्ट म्हटलेली नाही, आणि म्हणूनच हा मसुदा पहिल्या खेपेस निर्दोष ठरतो.

वाचक ओळखण्याच्या बाबतीतही पुस्तके वृथा काळजी करतात. टिप्पणी लिहिणाऱ्याला आपला वाचक नेमका ठाऊक असतो, आणि तो शेजारच्या टेबलावरचा अधिकारी नसतो. पहिला वाचक म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयाकडून येणारे लेखापरीक्षा पथक, दुसरा माहितीच्या अधिकारात अर्ज करणारा नागरिक, आणि तिसरा, देव करो आणि तशी वेळ न येवो, विभागीय चौकशीचा अधिकारी. हे तिघेही आज हजर नसतात. ते काही वर्षांनी येतात, शांतपणे बसून वाचतात आणि त्यांना घाई नसते. ज्याला आज कडी लावायची आहे, त्याची गणना या वाचकवर्गात होत नाही. त्याला फार तर लाभार्थी म्हणता येईल. जो वाचक समोर नाही त्याच्यासाठी इतक्या निष्ठेने लिहिणारा दुसरा वर्ग मराठीत फक्त कवींचा आहे.

टिप्पणी वर चढू लागली की पुनर्लेखनाचा टप्पा सुरू होतो. वरिष्ठ सहायक तीवर “मागील वेळी काय करण्यात आले होते, ते नमूद करावे” असा शेरा मारतो. पूर्वी अशाच प्रकरणात घेतलेल्या निर्णयाला पूर्वोदाहरण म्हणतात आणि ते सापडले तर विचार करण्याची जबाबदारी टळते, म्हणून ते शोधण्यासाठी अभिलेख कक्षातील गठ्ठे सोडले जातात. कडीचे पूर्वोदाहरण मिळत नाही, पंख्याचे मिळते. ते संगणकावर जसेच्या तसे उतरवून ‘पंखा’ आहे तेथे ‘कडी’ घातली जाते, आणि त्यामुळे सुधारित टिप्पणीत सदर कडी अधूनमधून आवाज करीत असून तिचा वेग नियंत्रित होत नाही, हे वाक्य शिल्लक राहते. ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण टिप्पणी शेवटच्या ओळीपासून वर वाचण्याची रीत आहे आणि शेवटच्या ओळीत सही कोठे करायची एवढेच पाहायचे असते.

खरा बौद्धिक पेच लेखाधिकाऱ्याच्या टेबलावर उभा राहतो. त्याचा प्रश्न किमतीचा नसतो, तत्त्वाचा असतो : कडी म्हणजे काय? ती दाराला जोडलेली असल्यामुळे इमारतीचा भाग मानली, तर शासकीय इमारतींची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असल्याने हा खर्च कार्यालयास करता येत नाही. ती सुटी वस्तू मानली, तर ती कार्यालयीन खर्चातून घेता येते, परंतु मग तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे टेबले, खुर्च्या, कपाटे यांसारख्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, घ्यावी लागते आणि दरवर्षी प्रत्यक्ष पडताळणीच्या वेळी ती मोजून दाखवावी लागते. निखळलेल्या अवस्थेत कडी सुटी आहे व बसविल्यावर ती सुटी राहणार नाही, हा मुद्दा कार्यालय अधीक्षक हुशारीने उपस्थित करतात, आणि त्यावर “अभिप्राय घ्यावेत” असा आदेश होतो. एवढ्याशा कडीने अद्वैताची चर्चा सचिवालयीन मराठीत आणून सोडली, हे तिचे ऋण वाङ्मयेतिहासकारांनी नोंदविले पाहिजे. बांधकाम उपविभागाकडून यथावकाश अभिप्राय येतो : सदर कडी मूळ नकाशात दर्शविलेली नसल्याने ती बसविण्यास मूळ परवानगी होती किंवा कसे, याचा खुलासा प्रथम आपले स्तरावरून व्हावा.

दरम्यान ज्यांना निसर्गाच्या तातडीचे वर्गीकरण करता येत नाही, ते कर्मचारी दार आतून नस्ती बांधण्याच्या लाल फितीने बांधून घेतात. ही फीत लेखनसामग्री नोंदवहीतून रीतसर मागणीपत्राने घेतलेली असून, तिच्या वापराचे प्रयोजन ‘कार्यालयीन कामकाज’ असे नमूद आहे.

विलंबाचा आरोप येथे टिकत नाही. शासकीय कामातील दिरंगाईस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला असून, कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध ही दोन्ही कामे करणाऱ्या त्या 2005 च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. कडीची नस्ती कोणाकडेही सात दिवसांहून अधिक राहिलेली नाही. सहाव्या दिवशी तीवर “चर्चा करावी” असा शेरा पडतो आणि ती खाली येते. चर्चा होते किंवा होत नाही, पण “निर्देशानुसार चर्चा केली” असे लिहून ती पुन्हा वर जाते, आणि प्रत्येक टेबलावर सात दिवस नव्याने सुरू होतात. मसुदा काही काळ बाजूला ठेवून ताज्या नजरेने पुन्हा वाचावा, हा पुस्तकातील सल्ला येथे वैधानिक मुदतीच्या आत राहून पाळला जातो, याची दखल कोणत्याही लेखन-मार्गदर्शकाने घेतलेली नाही.

त्याच वर्षी आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने या लेखनशैलीस पूर्णत्व दिले. त्या कायद्यातील ‘माहिती’च्या व्याख्येत अभिप्राय आणि सल्ला यांचाही समावेश असल्यामुळे, अमुक अधिकाऱ्याचे मत काय होते हे दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावलेल्या अर्जावर कोणालाही मागता येऊ लागले. कायदा करणाऱ्यांची अपेक्षा अशी होती की, त्यामुळे मते अधिक जबाबदारीने लिहिली जातील. ती अर्धी फळाला आली : जबाबदारी वाढली, मते लिहिली जाईनात. पूर्वी एखादा फटकळ अधिकारी समासात “हा निव्वळ मूर्खपणा आहे, कडी आणा” असे लिहून मोकळा होत असे. आज हेच मत चिकटचिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिले जाते, नस्ती खाली येताच लिपिक ती चिठ्ठी काढून घेतो, आणि मूळ कागदावर “नियमानुसार उचित कार्यवाही करावी” एवढेच राहते. उचित म्हणजे काय हे ज्याने ठरवायचे तो लिपिक आणि ज्याने ते विचारायचे तोही लिपिकच. कायद्याचा हा परिणाम खेदजनक आहे, आणि उपहासाची सवलत घेऊनही त्यात हसण्यासारखे फारसे सापडत नाही.

या भाषेचे खापर भाषा संचालनालयावर फोडण्याची पद्धत आहे, परंतु ते योग्य नव्हे. राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, 1960 मध्ये, सुरू झालेल्या या संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश सिद्ध केले, आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने जी मराठी कारभाराची भाषा झाली तिच्यासाठी कारकुनाच्या हाती शब्द आले. त्याआधीच्या परंपरेतही लिहिणाऱ्यासाठी मार्गदर्शन कमी नव्हते : यादवांच्या काळातील हेमाद्रीच्या नावावर मेस्तक, म्हणजे कारकुनाने कोणाला कसे लिहावे याचे नियम सांगणारे प्रकरण, दाखविले जाते, आणि शिवकाळात फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रचला गेला. शब्द पुरविणे एवढेच कोशाचे काम. त्यांच्या आड उभे राहण्याची कला ज्याची त्याने कमावलेली आहे.

अलीकडे ई-ऑफिस प्रणाली आली असून तीत टिप्पणीचे दोन रंग केले आहेत. पिवळी टिप्पणी कच्ची असते, ती बदलता किंवा पुसता येते. हिरवी एकदा पक्की झाली की तीत काना-मात्राही हलविता येत नाही. मसुदा आणि अंतिम लेख यांतील भेद इतक्या स्वच्छपणे दाखविणारी योजना लेखनाच्या अभ्यासकाला मोहात पाडील. कार्यालयाने तीवर तोडगा काढला. पिवळी टिप्पणी छापून घ्यावी, ती साहेबांना प्रत्यक्ष दाखवावी, त्यांनी तीवर पेन्सिलीने खुणा कराव्यात, त्या खुणा दूरध्वनीवर वरच्या साहेबांना वाचून दाखवाव्यात, आणि सर्वांचे एकमत झाल्यावर संगणकावर “पिवळ्या टिप्पणीप्रमाणे” असे हिरव्या रंगात लिहावे. कागदविरहित कारभारासाठी कागदाची तरतूद वाढवून मिळावी, असा प्रस्ताव कडीच्या नस्तीच्या मागोमाग वर गेला आणि तिच्या आधी मंजूर होऊन खाली आला.

कडीचा आदेशही अखेरीस निघाला. त्याची रचना मोठ्या शासन निर्णयाच्या धर्तीची आहे. आरंभी ‘वाचा’ या शीर्षकाखाली 1 डिसेंबर 2016 च्या कार्यालयीन खरेदी नियमपुस्तिकेपासून बांधकाम उपविभागाच्या पत्रापर्यंतचे संदर्भ येतात, जे वाचले जाणार नाहीत याची खात्री असल्यामुळेच त्यांना ‘वाचा’ म्हणतात. मग प्रस्तावनेत पूर्वीची सगळी टिप्पणी, पंख्याच्या वेगासह, पुन्हा येते. मग “उपरोक्त बाबींचा साकल्याने विचार करून” या शब्दांनी निर्णय सुरू होतो आणि शेवटी ‘प्रत’ या सदराखाली तो ज्यांना पाठविला त्यांची यादी असते, तीत सुताराचे नाव नसते. निर्णयाचा परिच्छेद एका वाक्याचा होता : “प्रसाधनगृहाच्या दारास एक (अक्षरी एक) कढी बसविण्यास याद्वारे मान्यता देण्यात येत आहे.”

एक अक्षर चुकले होते, आणि सहा सह्यांतून ते गेले, कारण प्रत्येकाने खालची सही तपासली होती. चूक दुरुस्त करण्याचे रीतसर साधन म्हणजे शुद्धिपत्रक, ज्यात ‘अमुकऐवजी तमुक असे वाचावे’ एवढेच म्हणता येते. पण शुद्धिपत्रकासही मूळ आदेशाइतकीच मान्यता लागत असल्याने त्याची टिप्पणी पुन्हा लिपिकापासून सुरू झाली. ती लेखाधिकाऱ्याकडे असतानाच लेखापरीक्षा पथक आले. त्यांच्या आक्षेपात दोन मुद्दे होते : कार्यालयाने मान्यता मिळालेली कढी खरेदी केल्याचे देयक आढळून आले नाही, आणि ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत घेतल्याची नोंदही दिसून येत नाही. कार्यालयाने मुदतीत सादर केलेल्या अनुपालन अहवालात नम्रपणे नमूद केले की, सदर कढी नाशवंत स्वरूपाची असल्याने तिची जडवस्तू म्हणून नोंद घेणे नियमानुसार अनुज्ञेय नव्हते. सबब हा परिच्छेद वगळण्यात यावा, ही विनंती. परिच्छेद वगळण्यात आला.