फुकटातला स्ट्रायकर

माद्रिद, बार्सिलोना आणि मँचेस्टर युनायटेड यांचे नाशिकस्थित संचालक मंडळ रात्री कॉलेज रोडला चहावर भरते. सध्याचा ठराव: करार संपलेले खेळाडू फुकटात उचलावेत की नाही? फुकट म्हणजे जुन्या क्लबला दमडी नाही. खेळाडूला मात्र नुसत्या सहीचे घसघशीत पैसे. २०२४ मध्ये एम्बापे माद्रिदला असाच ‘फुकट’ आला. ही सोय झाली बोसमन नावाच्या फुटबॉलपटूच्या खटल्यातील १९९५ च्या निकालाने. खुद्द बोसमनच्या वाट्याला पुढे हलाखी आली, पण त्यावर मंडळ चर्चा करत नाही. (आपल्या मुंबई सिटी क्लबवरही करत नाही.)

“निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही,” युनायटेडवाला हळहळतो. हे नाशकात बसून! २०१२ साली इथल्या महापालिकेत मनसेचे ४० नगरसेवक होते. २०१७ मध्ये निवडून आले ५. दरम्यान बऱ्याच जणांनी जर्सी बदलली होती. आपल्याकडे ट्रान्सफर विंडोला कडीच नाही, आणि करार संपेपर्यंत थांबतो कोण?

शेजारच्या बाकावरच्या काकांनी शेवटी विचारलेच, “त्या एम्बापेला तिकडे तिकीट नाकारलं होतं का रे?”