ज्ञानाची खातेफोड

ज्याने दोन पिढ्यांच्या मस्तकांत मम्मट भरला, त्याला तोच मम्मट एका यंत्राच्या उदरात भरता येऊ नये, हे मला संभवनीयच वाटत नव्हते. म्हणून काव्यशास्त्राचा अभ्यासक्रम संगणकावर लावून देण्याची कामगिरी अंगावर येताच, रत्नागिरीत या कामास माझ्याइतका लायक इसम दुसरा नाही, असे मी स्वतःशी आणि शक्य तितक्या इतरांशीही बोललो.

या कामासाठीची 'मूडल' ही प्रणाली २००२ साली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूजियामास यांनी लोकांच्या हवाली केली. आपला मजकूर विभागांत लावावा, प्रत्येक पाठास शीर्षक द्यावे आणि तो पुरा केव्हा समजावा याची अट नमूद करावी, असा तिचा रिवाज. आता रस सांगायचा तर भरत हवा, भरत उलगडायचा तर अभिनवगुप्त हवा, आणि अभिनवगुप्त आला की ध्वनी दाराबाहेर थांबत नाही! कोकणातल्या सातबाऱ्यावर एका फणसाला जितके हिस्सेदार, तितके माझ्या एकेका वाक्याला. त्याची खातेफोड करावी कशी?

अशा प्रसंगी मला महामहोपाध्याय काणे आठवतात, आणि ते आठवले की मला आवरणे कठीण. १८८० साली आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या या पुरुषाने 'साहित्यदर्पणा'ला प्रस्तावना लिहावयास घेतली, तिचा पुढे काव्यशास्त्राच्या इतिहासाचा स्वतंत्र ग्रंथ झाला. 'व्यवहारमयूखा'च्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा धावता इतिहास द्यावा असे योजले, तर १९३० पासून १९६२ पर्यंत त्याचे पाच खंड निघाले, साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे भरली आणि १९६३ साली भारतरत्न चालत आले. त्यांना कोणी 'प्रस्तावना, अवधी दहा मिनिटे' असा चौकोन भरून मागितला असता, तर धर्मशास्त्राची काय दशा झाली असती! विषयांतराच्या बाबतीत मी काण्यांच्या बरोबरीचा आहे, हे निर्विवाद. पृष्ठसंख्येचा किरकोळ फरक तेवढा उरतो.

परंतु सड्यावरच्या गावातली एक विद्यार्थिनी, घरात रेंज नाही म्हणून सायंकाळी कातळावर जाऊन बसणारी, एकदा संकोचत म्हणाली, "सर, लक्षणेचं उदाहरण नेमकं कुठे आहे? तिथवर पोचेपर्यंत पॅक संपतो." काण्यांचा आधार या प्रश्नापुढे टिकेना, त्यांच्या ग्रंथांना निदान सूची तरी असते. खरा संताप मात्र मला पाठ पुरा झाल्याच्या त्या हिरव्या खुणेचा येतो. शहरात चहा पिता पिता पाठ नुसता उघडून मिटणाऱ्याच्या नावापुढे ती तत्परतेने उमटते, आणि वाऱ्यापावसात तुकड्यातुकड्याने ऐकत, वहीत उतरून घेत बसलेल्या मुलीच्या नावापुढे, शेवटचे मिनिट उतरले नाही एवढ्याच कारणास्तव, 'अपूर्ण' असा शेरा राहतो. अध्ययनाची ही बारनिशी ज्याने काढली, त्याने श्रावणातला सडा पाहिलेला नसावा.

तेव्हा व्यासंगी सहकाऱ्यांना माझी विनंती अशी: एका पाठात एकच मुद्दा ठेवा, त्याचे उदाहरण शीर्षकातच सांगा, चित्रफितीशेजारी लेखी टिपण जोडा, विषयांतराची हौस अनावर झालीच तर तिला अगदी शेवटी 'ऐच्छिक' असा स्वतंत्र विभाग द्या, आणि कोणत्याही धारिकेच्या नावात 'अंतिम' हा शब्द कृपा करून घालू नका.