80 अँपिअरचं लफडं

अहो, कुणाला सांगू नका, पण आपल्या खांदेश्वरात सध्या काय चाललंय, ठाऊक आहे का? रविवारी सकाळी एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज डोकावून बघा. पेन्शन घेणारी, नातवंडं असलेली माणसं जुन्या पद्मिनीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेली! आणि गप्पा कसल्या? "तुमचा किती अँपिअरचा?" शोभतं का हे?

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला निवृत्त झाली. तेव्हापासून ज्यांच्या दारात एखादी उरलीय, त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीला दिवे, हॉर्न, वायपर एवढाच काय तो विजेचा खर्च. पद्मिनी म्हणजे मूळची फियाटच; तिचा जुना डायनमो तो कसाबसा भागवायचा. सिग्नलला थांबलं की दिवे मिणमिणायचे. आता मालकांना हॅलोजन हवेत, एसी हवा, डिकीत ढोलासारखा बास हवा. मग भंगारबाजारातून येतो 80 अँपिअरचा अल्टरनेटर.

येईना का! हौसेला मोल नाही. पण मशीनवर हजारो उधळणारी हीच मंडळी वायरवर मात्र काटकसर करतात. धरण बांधायचं आणि कालवा गटाराएवढा ठेवायचा! परवा एकाची जुनी वायर मी बोटांत धरून बघितली. जरा वाकवली तर प्लास्टिकचे पापुद्रे निघाले, आत तांबं हिरवं पडलेलं. कोकणातली दमट हवा ती, सोडते कुणाला? त्यातून म्हणे 80 अँपिअर! आणि काहींच्या गाडीत तर चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून फिरून येतो. तो जुना मीटर 30 अँपिअरचा. म्हणजे आग लागलीच तर थेट मांडीवर.

अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी, 16 चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची वायर ओढायला यांना काय होतं? तीही अ‍ॅमीटरला वळसा घालून. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर भडका उडवणार ती बॅटरीच. तो 100 अँपिअरचा पुरे. पत्र्याच्या ज्या भोकातून वायर जाते तिथे रबरी कडं बसवायचं, इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टीही जाडच घालायची. डायनमोचा जुना कटआउट काढून टाकायचा, कारण नव्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. आणि पाना हातात घेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची. हे सांगायला गेलं की म्हणतात, "तुम्हाला काय कळतंय?"

त्यातले एक तर निगेटिव्ह सोडवतात, पण चालू इंजिनवर! "बघा, बॅटरीशिवाय पळते की नाही," असं वर मिरवतात. बॅटरीचा आधार गेला की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड जागच्या जागी मरतात. मग दोष भंगारवाल्याला.

आता ताजी बातमी ऐका. एका काकांनी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा काढून तिथे फॅशनेबल एलईडी बसवला. त्या साध्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, हे कुठे ठाऊक? झालं, चार्जिंग बंद. तीन दिवस गाडी ढकलतायत आणि काकूंना सांगतायत, "व्यायाम सुरू केलाय."