उंबर फोडलं, केंबरं निघाली

अहो वहिनी, जरा गडग्याशी या. खराटा हातातच राहू दे, मी तरी कुठे ठेवलाय! तुमच्या उंबरानं माझ्या अंगणाची पार रया घालवली. सकाळी झाडावं, तर दुपारी पुन्हा सडा. चपलेखाली चिकचिक, वर तो आंबूस वास, रात्री वटवाघळांचा गोंधळ वेगळाच. दत्तमहाराजांचं झाड, म्हणून इतके दिवस तोंड आवरलं.

आणि परवा भाचीनं ते बंदच केलं. खोडावरचं गाभुळलेलं फळ तोडलं, नखानं फोडलं नि भिंग माझ्या हातात दिलं. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतो ना आपण? हिनं काढली!

उंबराला फूल नसतं म्हणतात, ते खोटं हो. फुलं आतच, शेकड्यांनी. केंबरीण, म्हणजे या किड्यांतली मादी, असते दोनेक मिलिमीटरची, फळाच्या टोकाच्या भोकातून अशी घुसते की पंखच तुटतात. आखूड स्त्रीकेसराच्या फुलांत अंडी घालते. लांब स्त्रीकेसराच्यात तिची अंडी घालायची नळी पोचत नाही, पण तिनं आणलेला पराग लागतो, तिथे बी धरतं. मग आतच मरते बिचारी.

तिच्या मुलांची तऱ्हा तर ऐका. त्यांना पंखच नाहीत. जन्मले की आधी लग्नं, मग बायकांना बाहेर पडायला भोक पाडून द्यायचं नि संपायचं. भोक पाडून देतात, वहिनी! आमच्याकडे भिंतीत खिळा ठोकायला आठ दिवस लागतात.

या पोरी पराग घेऊन उडतात, आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. आणि तुमच्या झाडाची फळं तर सगळी एकदमच पिकलेली. जायचं कुठे? जिथे नेमकी तेव्हाच कोवळी फळं असतील अशा दुसऱ्या उंबरावर. वासानं माग काढतात, वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात. देवळामागचा, पऱ्याकाठचा, तुमचा, सगळे आपापल्या वेळेला फळतात म्हणून केंबरं तगतात. केंबरं नसतील तर उंबराला बी नाही. फळ म्हणजे घर धरा, झाड म्हणजे वाडी, नि सगळी उंबरं मिळून गाव. कुठे ना कुठे पिकलेलं असतंच, म्हणून हरियाल, धनेश, कांडेचोर, सगळ्यांची पंगत चालू.

फुकटेही आहेत बरं का. आत शिरायचे कष्टच नाहीत, बाहेरूनच लांब सुई खुपसून अंडी घालतात, पराग काडीचा आणत नाहीत. त्यांना आवरतात मुंग्या. हो, त्याच ओंबील, ज्यांच्या नावानं तुम्ही बोटं मोडता! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस बाईंनी नि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंबराच्याच झाडांवर वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. आता मुंग्या काय, बाहेर पडणाऱ्या आपल्या पोरींनाही सोडत नाहीत. चौकीदाराला थोडं खाऊ द्यावंच लागतं.

काय म्हणता? मुलगा येतोय, गाडी लावायला जागा हवी, माणूसही सांगून ठेवलाय कुऱ्हाडीचा?

अहो वहिनी, थांबा! अंगणाचं मी सहज म्हटलं हो. आणा तो खराटा इकडे, तुमच्या बाजूचंही झाडून देते.